तरवड ओळखा, कासविंदा उपटा



नवरात्रात घटाला तरवडाच्या पिवळ्या फुलांची माळ घालायची रीत आपल्याकडं गावोगाव आहे. फुलं आणायला बहुधा पोरांनाच पिटाळतात. पण त्याच दिवसांत गावठाणात, उकिरड्याकडेला कासविंदाही फुलतो आणि शेंगांवर येतो. त्याचंही फूल पिवळंच. म्हणून दोन्हींतला फरक घरातल्या सगळ्यांना ठाऊक हवा.

तरवड आपला, इथल्याच कोरडवाहू मुरमाड रानातला. सोलापूर, बीडकडं माळावर आणि बांधावर पुरुषभर उंचीची त्याची झुडपं दिसतात. पानाच्या दांडीवर समोरासमोर पानोळ्यांच्या आठ ते बारा जोड्या असतात, आणि प्रत्येक जोडीच्या बेचक्यात एक बारीक गाठ असते. दांडीच्या बुडाशी कानाच्या पाळीसारखी दोन रुंद उपपानं असतात. ‘सेन्ना ऑरिक्युलाटा’ या शास्त्रीय नावात हा कानच आहे. शेंग चपटी, कागदासारखी पातळ. आतल्या बिया बाहेरून उमटलेल्या दिसतात.

कासविंदा मूळचा अमेरिकेतला. त्याच्या पानोळ्या मोठ्या, टोकदार, अन् जोड्या चार-पाचच. गाठ एकच, तीही दांडीच्या अगदी बुडाशी. कानासारखी उपपानं नाहीत. पान चुरगळलं की उग्र घाण वास येतो. शेंग अरुंद, किंचित वाकडी, तरवडाच्या शेंगेहून भरीव. फुलावरून घोटाळा होईल, शेंगेवरून होणार नाही.

पश्चिम उत्तर प्रदेशात पावसाळा सरला की लहान मुलं अचानक आजारी पडून दगावत. हे वर्षानुवर्षं चाललं होतं. तिथल्या मुलांनी खेळताना कासविंदाच्या बिया खाल्ल्या होत्या, त्याचंच हे विष, असं डॉक्टरांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिलं. उलट्या, मग गुंगी, झटके, बेशुद्धी अशी लक्षणं. मुलानं शेंग खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी झाडपाल्यात वेळ दवडू नका. शेंग बरोबर घ्या आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. या बिया गुरांनाही बाधतात, तेव्हा वैरणीत येऊ देऊ नका.

तरवड मात्र बांधावरून सरसकट तोडू नका. गुरं त्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तो टिकतो आणि बांधाची माती धरून ठेवतो. पाला भाताच्या चिखलात दाबता येतो. शेंगेचं झाड म्हणून मुळांवर नत्राच्या गाठी असतील, असं धरू नका. तरवडाला त्या नसतात. साल कातडी कमवायला जाते. ती काढायचीच तर छाटलेल्या फांदीची काढा, उभ्या खोडाची सोलली की झुडूप वाळतं.

कासविंदा पहिल्या पावसानंतर, जमीन ओली असताना, फुलावर येण्याआधी मुळासकट उपटा. शाळेचं आवार आणि अंगणवाडीमागची जागा आधी बघा.