देह टिकविण्याचे शास्त्र

भोपाळच्या मोठ्या तलावाच्या दक्षिण अंगास कोटरा सुल्तानाबाद ही वस्ती आहे. तेथील एखाद्या घरी मृत्यू झाला, तर रूढीप्रमाणे शक्यतो त्याच दिवशी अंत्यसंस्कार उरकले जातात. परंतु मृताने हयातीत देहदानाची इच्छा लिहून ठेवली असेल, तर देह वैद्यकीय महाविद्यालयाकडे नेला जातो. तेथे तो विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी महिनोन्‌महिने टिकावा लागतो. तो टिकेल की नाही, हे पहिल्या काही तासांत ठरते.

देह औषधात बुडवून ठेवला म्हणजे झाले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात औषध रोहिणीतून, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळीतून, आत सोडावे लागते. बहुधा जांघेतील किंवा मानेतील रोहिणी उघडतात आणि उंचावर टांगलेल्या पात्रातून अथवा पंपाने द्रव सावकाश सोडतात. जिवंतपणी रक्त ज्या वाटांनी पेशीपेशीपर्यंत पोचत होते, त्याच वाटांनी औषधही पोचते. या द्रवाचा मुख्य घटक फॉर्मालिन. १८९३ साली फर्डिनांड ब्लुम या जर्मन वैद्याच्या ध्यानात आले की, याने ऊतके घट्ट होतात. तो प्रथिनांना परस्परांशी जखडून टाकतो. मग जंतूंना तेथे पोसता येत नाही. बाजारातील फॉर्मालिनमध्ये सुमारे ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड असते, म्हणून ते पाणी घालून सौम्य करावे लागते.

किती सौम्य करावयाचे, हे देहच सांगतो. जाणकार तंत्रज्ञ प्रथम मृत्यूची वेळ आणि हवामान विचारतो. सांधे ताठरले आहेत का, पाठीवर रक्त साकळून डाग पडले आहेत का, ओटीपोटाच्या उजव्या बाजूस हिरवट छटा आली आहे का, हे तो पाहतो. ती छटा कुजण्याची पहिली खूण. भोपाळच्या वैशाखातील उन्हात ती काही तासांतच येऊ शकते. हिवाळ्यात तिला अधिक वेळ लागतो. शीतपेटीने हा क्रम मंदावतो, थांबत मात्र नाही.

त्यानंतर आजाराचा विचार. अंगावर सूज असेल, तर देहातील पाणीच औषध पातळ करते. तेथे तीव्र द्रव हवा. देह शुष्क झाला असेल, तर सौम्य द्रव व अधिक ग्लिसरीन, म्हणजे ओलावा टिकतो. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाच्या शरीरात साठलेली नायट्रोजनयुक्त द्रव्ये फॉर्माल्डिहाइडशी संयोग पावतात व त्याचा जोर कमी करतात. तेथे मात्रा वाढवावी लागते. कावीळ झालेल्या देहात तीव्र फॉर्मालिनने पिवळेपणा हिरवट होतो, म्हणून तेथे हात आखडता घ्यावा लागतो. बुरशी येऊ नये यासाठी फिनॉल, औषध आत झिरपावे यासाठी अल्कोहोल, रक्त गोठू नये यासाठी सोडियम सायट्रेट, असे प्रत्येक घटकाचे काम निराळे आहे. विमानाने परगावी न्यावयाचा देह काही दिवस टिकला तरी पुरे. अभ्यासाच्या देहास अधिक द्रव लागतो. शस्त्रक्रियेच्या सरावासाठी सांधे मऊ राहावेत, म्हणून ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे वॉल्टर थील यांनी १९९२ साली अल्प फॉर्माल्डिहाइड व क्षार यांची पद्धती प्रसिद्ध केली. फॉर्माल्डिहाइडची वाफ डोळ्यांना झोंबते आणि ती कर्करोगकारकही आहे. मोकळी हवा आणि हातमोजे यांना म्हणूनच पर्याय नाही.

या सर्वांआधीचा प्रश्न म्हणजे देह टिकवावयाचाच का. मृत्यू संशयास्पद असेल, तर शवचिकित्सा प्रथम. फॉर्मालिन सायनाइडसारख्या विषाचा माग पुसून टाकते. १९८४ च्या डिसेंबरातील वायुकांडानंतर भोपाळच्या गांधी वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक हीरेश चंद्र यांना मृतांचे रक्त चेरीसारखे लालभडक आढळले आणि सायनाइडचा प्रश्न उभा राहिला. ज्या शहराने हे अनुभवले, तेथे औषध सोडण्यापूर्वी नमुने घेण्याचे महत्त्व निराळे समजावून सांगावयास नको.

देहदानाचा संकल्प करणाऱ्याने म्हणूनच कागदावर सही करून थांबू नये. संस्थेचा दूरध्वनी घरच्यांजवळ असावा, आजाराची कागदपत्रे एकत्र असावीत, नेत्रदान करावयाचे तर सहा तासांच्या आत आणि औषध सोडण्यापूर्वी व्हावे, आणि दूरच्या आप्तांची वाट पाहण्यात दुपार उलटू नये. अंत्यदर्शनासाठी घरच्यांनी मागून घेतलेला प्रत्येक तास या कामात मोजला जातो. तो जपला, तर मृताची अखेरची इच्छा शब्दशः पार पडते.