विद्यावेतन आणि अध्यापन



कर्जत-खालापुरांतील आपल्या मुलामुलींची पावले आता पदवीच्या पुढे, पीएच.डी.कडे वळू लागली आहेत. त्याबरोबर घरोघर एक प्रश्न उभा राहतो : विद्यावेतनावर राहून अभ्यास करावा, की शिकविण्याचे काम पत्करून चार पैसे अधिक आणावेत?

प्रश्न जुनाच आहे. पेशवाईत पुण्यास विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा मिळे. इंग्रजी अमदानीत त्या निधीचा काही भाग वळवून ‘दक्षिणा फेलो’ नेमले गेले. या तरुणांनी स्वतःचा अभ्यास चालू ठेवून कॉलेजात शिकवावयाचेही असे. मुंबई विद्यापीठातून १८६२ साली पदवी घेतलेल्या पहिल्या तुकडीतील महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही असे फेलो होते. शिकविल्याने त्यांची विद्या उणावली नाही. कारण ते शिकविणे अभ्यासाला जोडून होते, अभ्यासाच्या जागी नव्हते.

आजही प्रमाण हेच सांभाळावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांत पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास आठवड्यास ४ ते ६ तास अध्यापन वा संशोधन साहाय्याचे काम देता येईल, असे म्हटले आहे. तेवढे काम अवश्य करावे. दुसऱ्यास समजावून सांगताना आपल्या ज्ञानातील भेगा दिसतात, हा आम्हां शिक्षकांचा नित्याचा अनुभव आहे.

परंतु तासिका तत्त्वावर दिवसभर वर्ग घेत फिरणे निराळे. कर्जतहून मुंबईस लोकलने जाण्यायेण्यातच चार-एक तास मोडतात. त्यावर वर्गांचा भार पडला, तर वाचन कधी व्हावयाचे? पहिली दोन वर्षे पाया भरण्याची असतात. आयोगाने १ जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन विद्यावेतन दरमहा ३७,००० रुपये केले. ते घेणाऱ्यास दुसरी पगारी नेमणूक स्वीकारता येत नाही. या अटीस पालक अडचण समजतात. आम्ही तिला कुंपण समजतो. त्या पैशाने विद्यार्थ्याचा वेळ विकत घेतलेला असतो.

मुलींच्या बाबतीत आग्रह विशेष दिसतो : “जवळच्या कॉलेजात शिकव, घरीही राहशील.” माया खरी, पण तिच्यापायी प्रबंध अर्धवट राहतात.

ज्यांस विद्यावेतन लाभत नाही, त्यांस शिकविण्यावाचून गत्यंतर नसते. मंडळाचा शिक्षणनिधी प्रथम त्यांच्यासाठी खर्च व्हावा, एवढीच आमची नम्र सूचना आहे.