घाट चढून आलेला नमुना

मलकापूरपासून सिंदखेडराजापर्यंतच्या माझ्या पॅथॉलॉजिस्ट व लॅब टेक्निशियन मित्रमैत्रिणींनो,

आमचा बुलढाणा जिल्हा घाटावरचा आणि घाटाखालचा. खालची मंडळी वर आली की आधी इथल्या हवेचे कौतुक करतात. रक्ताच्या नमुन्याला मात्र ही हवा मानवेलच असे नाही.

समजा, जानेवारीतल्या सकाळी रिपोर्ट निघाला: हिमोग्लोबिन 11.2, तांबड्या पेशी 19 लाख, एमसीव्ही 116, एमसीएचसी 51. घाईत कोणी बी-12 ची इंजेक्शने लिहून मोकळा होईल. पण 51? पेशीत एवढे हिमोग्लोबिन मावतच नाही. हिमोग्लोबिनची तिप्पट म्हणजे साधारण हिमॅटोक्रिट. इथे तो 33 च्या आसपास हवा, मशीन म्हणते 22. काही रुग्णांच्या पेशी गारठ्यात एकमेकींना चिकटतात आणि मशीन अख्खा घोळका एकच पेशी म्हणून मोजते. हिमोग्लोबिन मोजताना पेशी फोडतात, म्हणून तेवढा आकडा खरा राहतो. ट्यूब अर्धा तास 37 अंशांवर ठेवून लगेच पुन्हा लावा. पेशी 39 लाखांवर आणि एमसीएचसी 33 वर आलेली दिसली, तर रोग्याला नव्हे, नमुन्यालाच थंडी बाधली होती!

घाटाखाली उलटे. उन्हाळ्यात ट्यूब तासन्‌तास गाडीत राहिली की पेशी फुगतात आणि एमसीव्ही वाढतो. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त काढले, जांभळ्या टोपणाची ट्यूब अर्धीच भरली, ती उलटसुलट करायची राहिली, तर लाखो रुपयांचे मशीन काय करणार? रक्त काढणाऱ्या परिचारिका भगिनींना म्हणूनच आज आग्रहाने बोलावले आहे. खरे तर पहिल्या रांगेचा मान त्यांचाच.

जळगाव जामोद, संग्रामपूरकडच्या आदिवासी पाड्यांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम 2023 मध्ये सुरू झाली, तपासण्या वाढल्या. पण हिमोग्लोबिन फारच उतरलेले असेल, किंवा बाळ अगदी तान्हे असेल, तर सोल्युबिलिटी चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. नुकतेच रक्त चढवले असेल तर एचपीएलसीचाही अर्थ जपून लावावा लागतो. नमुन्यासोबतच्या चिठ्ठीवर वय आणि रक्त चढवल्याची तारीख लिहायला किती वेळ लागतो?

जेवणानंतर मागच्या दालनात स्मिअर लावून सूक्ष्मदर्शक मांडले आहेत. प्रत्येकाशेजारी मशीनचा रिपोर्टही आहे. त्यातले काही रिपोर्ट आम्ही मुद्दाम चुकीचे ठेवलेत. कोणते, ते तुम्ही शोधा.