हजेरीपटावरचा ‘अकुशल’

(हिंगोली येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



अभ्यासवर्गाच्या चालकांनी मला दिलेला विषय ‘बेकारी आणि पुनर्वसन’ असा आहे. तीसबत्तीस वर्षे महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाला अशा विषयावर तासभर बोलणे अवघड नसते. कंटाळवाणे न बोलणे मात्र अवघड असते. म्हणून मी विषय आवळून घेतो. ज्याने वीस-बावीस वर्षे एकच कसबाचे काम केले, त्या कामावर घर उभे केले आणि ऐन चाळिशीत ज्याच्या हातून ते काम गेले, त्याने ‘पुन्हा सुरुवात’ करायची म्हणजे नेमके काय करायचे, एवढाच प्रश्न मी घेणार आहे.

आपल्या जिल्ह्यात असे कारखाने आहेतच कुठे, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा कापसाचा, हळदीचा, थोडाफार उसाचा. येथे गिरण्यांची धुराडी नव्हती. परंतु कारखाना एका जिल्ह्यात बंद पडतो आणि त्याची बेकारी दुसऱ्याच जिल्ह्यात येऊन उतरते, हे आपण विसरतो. शहर माणूस घेते तेव्हा विशीतला घेते आणि परत करते तेव्हा पंचेचाळिशीतला करते. मधल्या वर्षांचा हिशेब कोणत्याही जिल्ह्याच्या आकडेवारीत सापडत नाही.

तो हिशेब मला प्रथम दिसला माझ्या मामांच्या रूपाने. मामा सेनगाव तालुक्यातले. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून माणसे गेली, त्या मानाने आमच्या भागातली फार थोडी. पण जी गेली त्यांत ते होते. १९६३ साली हिंगोलीहून मीटरगेजच्या गाडीने पूर्णा, तेथून मनमाड, मनमाडला गाडी बदलून मुंबई असा प्रवास करून ते गेले. आधी ‘बदली’ म्हणून रोज सकाळी दारात उभे राहिले, मग कायम झाले. पुढे साचेखात्यात चार साचे सांभाळू लागले.

साचेखाते ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगतो. धोटा ताण्याच्या दोऱ्यांमधून मिनिटाला दीड-दोनशे वेळा इकडून तिकडे जातो, आणि असे शेकडो साचे एकाच छपराखाली चालतात. त्या गदारोळात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नाही. बोलणे ओठ पाहून आणि खुणांनी. तरीही आपल्या चार साच्यांपैकी कोणाचा आवाज बदलला, हे चांगल्या विणकराला पाठमोरे असताना कळते. दोरा तुटला की साचा थांबवायचा, बोटांच्या दोन हालचालींत गाठ मारायची, आणि ती गाठ इतकी बारीक हवी की ती फणीतून सहज सरकली पाहिजे व कापडावर दिसता कामा नये. मामा म्हणत, गाठ शिकायला आठ दिवस लागतात, कान तयार व्हायला पाच वर्षे. हे शिक्षण कोणत्याही शाळेत मिळाले नव्हते, त्याचे प्रमाणपत्र नव्हते. ते राहत होते मामांच्या बोटांत आणि कानात, आणि त्याचा उपयोग होता तो फक्त त्या छपराखाली.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. साठएक गिरण्या, सुमारे अडीच लाख कामगार. डॉ. दत्ता सामंतांचे नेतृत्व, मागण्यांची न्याय्यता, सरकारची ताठर भूमिका यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ते येथे उगाळत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. हा संप औपचारिकपणे कधी मागे घेतला गेला नाही. तो विरत गेला. कोणी परत कामावर गेले, हजारोंना परत घेतले गेले नाही, पण ‘संपले’ असे कोणी उच्चारले नाही.

मामा १९८३ च्या पावसाळ्यानंतर गावी परतले. मी तेव्हा नुकताच एम. ए. होऊन नोकरी शोधत होतो. त्यांच्या ट्रंकेत गिरणीचा बिल्ला होता, तो ते अधूनमधून पुसून ठेवीत. चार वर्षे त्यांनी गावात कोणताही धंदा मनापासून धरला नाही. मला तेव्हा हा आळस वाटला आणि तसे मी आईजवळ बोललोही. त्याची आज लाज वाटते. जो संपावर आहे तो स्वतःला बेकार समजत नाही. त्याची नोकरी त्याच्या मनात शाबूत असते. माणसाने नवे काही सुरू करण्याआधी जुने संपल्याचे त्याला कोणीतरी सांगावे लागते, आणि ते सांगणे आपल्या चळवळीला जमले नाही. गिरण्या उघडतील, उघडल्याच पाहिजेत, अशी घोषणा आपण देत राहिलो. ती देणे चूक नव्हते. पण त्या घोषणेच्या जोडीने दुसऱ्या कामाचा विषय काढणे म्हणजे फितुरी, असे वातावरण आपणच निर्माण केले होते.

पहिला उन्हाळा मामा रोजगार हमीच्या कामावर गेले. रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली मोठी देणगी, वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्याला तिने तगवले आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. तिच्याविषयी मला आदरच आहे. परंतु कायद्याने हमी दिली ती अकुशल अंगमेहनतीच्या कामाची. हजेरीपटावर नाव घेणाऱ्याने मामांना विचारले, “काय येतं तुम्हाला?” मामा म्हणाले, “चार साचे चालवतो.” त्या तरुणाला साचा म्हणजे काय ते ठाऊक नव्हते, असण्याचे कारणही नव्हते. त्याने हातोडी दिली आणि खडीच्या ढिगाकडे बोट दाखवले. एकोणीस वर्षांचे कसब त्या एका सकाळी ‘अकुशल’ झाले. ते दुसऱ्या कोणा माणसाने हिरावले नव्हते. साचा नसेल तेथे साचेवाला अकुशलच, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या शास्त्राची येथे फजिती होते. पाठ्यपुस्तकातले श्रम पाण्यासारखे असतात. एका उद्योगातून आटले की दुसऱ्यात वाहतात. यंत्रामुळे कामगाराचे काही काळ खरोखरीच नुकसान होऊ शकते, हे डेव्हिड रिकार्डोने आपले आधीचे मत बदलून १८२१ साली, ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत नवे प्रकरण घालून कबूल केले. पुढच्या पिढ्यांनी रिकार्डोचे बाकी सगळे शिकवले, हे प्रकरण मात्र घाईने उरकले. मीही अनेक वर्षे तेच केले. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे!

मामींचे कोणी विचारले नाही, म्हणून मी सांगतो. मुंबईत मामी दहा-बारा कामगारांची खानावळ चालवीत. गिरणगावात अशा हजारो बायका होत्या. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभारून त्यांना संघटित केले, तेव्हा कोठे त्यांचे काम हे काम म्हणून लोकांना दिसले. संपात जेवणारेच गावोगाव पांगले, तेव्हा खानावळही बुडाली. दहा माणसांचा शिधा, उधारी, पाळ्यांच्या वेळा हे सारे गणित जमवणारी ती बाई गावी आली आणि खुरपणीला जाऊ लागली, कारण गावात जेवण विकत कोण घेणार? मामा बिल्ला पुसत होते त्या चार वर्षांत घर तिच्या रोजावर चालले. मामांची निदान नोकरी गेली असे लोक म्हणत. तिचे काही गेले, असे कोणाच्या बोलण्यात आले नाही. ‘पुन्हा सुरुवात’ करणाऱ्या पुरुषाची गोष्ट सांगताना त्या सुरुवातीचा खर्च बहुधा घरातल्या बाईने भागवलेला असतो, ही नोंद आपल्या अहवालांत कधी येत नाही.

आता कायद्याकडे वळू. औद्योगिक विवाद कायद्याने छाटणीची भरपाई ठरवली होती ती नोकरीच्या दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांची सरासरी मजुरी. एकोणीस वर्षांचे झाले २८५ दिवस. मामांची कागदोपत्री छाटणी झालीच नव्हती, त्यामुळे तेही नाही. हाती आला तो भविष्यनिर्वाह निधी, आणि तो कर्जात व दोन वर्षे चालून बुडालेल्या किराणा दुकानात गेला. दुकान का बुडाले? उधारी नाही म्हणायला जी निबर जीभ लागते ती साचेखात्यात तयार होत नाही.

१९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर, १५ सप्टेंबर १९८६ पासून, केंद्राने कापड कामगारांसाठी पुनर्वसन निधीची योजना लागू केली. पहिल्या वर्षी मजुरीच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. कल्पना चांगली होती. माणसाला नवे शिकायला वेळ लागतो आणि त्या वेळाची किंमत समाजाने भरावी, हे तत्त्व तीत मान्य झाले होते. पण अट अशी, की गिरणी किंवा तिचा एखादा भाग कायमचा बंद झालेला हवा. जी गिरणी ना धड चालू ना धड बंद, तिच्या कामगाराने काय करावे? आणि दुसरी अट अशी, की कामगाराने दुसऱ्या नोंदलेल्या कारखान्यात नोकरी धरली की मदत बंद. म्हणजे उठून उभा राहू लागलेल्याची काठी काढून घ्यायची. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर, जेथे बारा-बारा तासांची पाळी आणि नगावर मजुरी, तेथे गुपचूप काम करणे त्यापेक्षा सोपे ठरले.

१९९२ साली नव्या आर्थिक धोरणाबरोबर राष्ट्रीय पुनर्नवीकरण निधी आला. कामगारांना नवी कौशल्ये शिकवू, अशी त्याची जाहिरात होती. त्यातला फार मोठा वाटा स्वेच्छानिवृत्तीच्या रकमा चुकवण्यातच गेला, शिक्षणाच्या वाट्याला थोडे आले. आणि आता २०२० साली संसदेने संमत केलेली, २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली औद्योगिक संबंध संहिता पाहा. तीनशेपेक्षा कमी कामगारांच्या कारखान्याला छाटणीसाठी सरकारची परवानगी लागत नाही. पूर्वी ही मर्यादा शंभराची होती. तिच्यात पुनर्कौशल्य निधीचे कलम आहे. छाटणी झालेल्याला त्यातून किती मिळते? शेवटच्या मजुरीच्या हिशेबाने पंधरा दिवस. वर्षामागे पंधरा दिवस नव्हे, एकूण पंधरा. छाटणीची भरपाई वेगळी मिळते, हे खरे. पण पाच वर्षांत तयार झालेल्या कानाच्या जागी नवे कसब आणायला सरकारच्या हिशेबाने पंधरवडा पुरेसा आहे.

यावर हमखास एक उत्तर दिले जाते: उद्योजक व्हा. कर्ज घ्या, धंदा करा. हे सांगणारे बहुधा महिन्याच्या पगारावर असतात, आणि त्यांत माझ्यासारखे प्राध्यापकही आले. धंदा हे स्वतंत्र कसब आहे. ते वीस वर्षे दुसरे कसब केलेल्याला पंचेचाळिसाव्या वर्षी आपोआप येत नाही, जसे मला उद्या विणता येणार नाही.

मामांची पुढची हकीकत थोडी आहे. १९८८ च्या सुमारास गावातल्या एका शेतकऱ्याने पिठाची गिरणी टाकली आणि मामांना तिच्यावर ठेवले. “गिरणीत होतो, गिरणीतच आहे,” असे ते हसून म्हणत. दगडाला टाकी लावणे ते शिकले. पट्टा सैल झालेला, दगड घासू लागलेला त्यांना आवाजावरून कळे. मालकाला कळत नसे. म्हणजे कान वाया गेला नव्हता. त्याला दुसरे यंत्र मिळायला पाच वर्षे लागली, आणि तेही योगायोगाने. मजुरी मुंबईच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही नव्हती. ते दहा वर्षे तेथे होते. मोठ्याने बोलायची सवय शेवटपर्यंत गेली नाही.

हा योगायोग व्यवस्थेत बदलता येईल का, हा कार्यकर्त्यांचा प्रश्न आहे. आज आपल्या तालुक्यांतली मुले चाकणला, वाळूजला कंत्राटावर किंवा ठरावीक मुदतीवर यंत्रे चालवतात, आणि मुदत संपली की घरी येतात. मामांना एकोणीस वर्षे मिळाली, यांना तीन मिळतात. वसमत आणि हिंगोलीच्या बाजारात हळद येते. ती शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची यंत्रे गावोगाव आहेत, आणि ती बिघडली की दुरुस्तीवाला बाहेरून येतो. त्याच गावात परत आलेला जोडारी किंवा वेल्डर शेतमजुरीला जातो, कारण दोघांची गाठ घालून देणारे कोणी नाही. सरकारकडे मागायचे ते मागूच: १९८६ च्या तत्त्वावर तीन वर्षांची मदत, आणि दुसरे काम धरल्याबद्दल ती न तोडण्याची तरतूद. पण कोणत्या गावात कोण काय जाणतो, हे आपल्या शाखांनाही आज सांगता येत नाही, आणि त्यासाठी मंत्रालयाकडे जावे लागत नाही.

म्हणून माझी सूचना आहे की शाखांनी परत आलेल्या कामगारांची नोंदवही करावी. कोणते यंत्र, किती वर्षे, शिकायला किती काळ लागला, काम कसे सुटले, आज काय करतो, आणि घरातली बाई तिकडे काय करत होती. सेनगाव तालुक्यापासून आरंभ करावा. रकान्यांचा एक नमुना मी हाताने आखून आणला आहे, तो चर्चेच्या वेळी आपण पाहू.