अक्षराला त्याची जागा द्या



आजचा विषय वेदान्ताचा नाही. रोजच्या पाहण्यातला आहे. गावात कोणत्याही चौकात उभे राहा, एखादा तरी फलक दृष्टीस पडतोच. त्यावर नदी, देऊळ किंवा डोंगर यांचे छायाचित्र असते आणि त्या छायाचित्राच्या अंगावरच मजकूर छापलेला असतो: लसीकरणाची तारीख, पाणी बंद राहण्याची वेळ, शिबिराचे ठिकाण. साठी उलटलेले एखादे गृहस्थ थांबतात, चष्मा पुसतात आणि 'आता डोळे गेले' असे म्हणून पुढे जातात. तारीख मात्र त्यांना कळलेली नसते. आमचे म्हणणे असे की, पुष्कळदा दोष त्या डोळ्यांचा नसतो, फलकाचा असतो.

अक्षर वाचताना आपला डोळा रंगापेक्षा उजेड आणि काळोख यांतील अंतर अधिक पाहतो. हे अंतर मोजता येते. पडद्यावरील मजकुराच्या सुलभतेसाठी २००८ साली जे आंतरराष्ट्रीय नियम जाहीर झाले, त्यांत त्याचे गणितच दिले आहे. पांढऱ्यावर काळे अक्षर असेल तर हे प्रमाण २१ ास १ भरते. साध्या आकाराच्या अक्षरास किमान साडेचार हवे, मोठ्या अक्षरास तीन चालते. या मापाने पडद्यावरचे शुद्ध तांबडे अक्षर पांढऱ्यावर जेमतेम चार भरते, शुद्ध हिरव्यावर तीनही भरत नाही. आणि पांढऱ्यावरचे पिवळे तर एकाच्या किंचित वर! म्हणजे रंग निराळे असले की अक्षर उठून दिसते, ही समजूत खरी नाही.

आता चित्राची गोष्ट पाहू. कोऱ्या कागदाचा उजेड सगळीकडे सारखा असतो, चित्राचा नसतो. पांढरी ओळ डोंगरावर स्पष्ट दिसते आणि ढगावर पोहोचताच विरघळते. एकाच ओळीतला अर्धा शब्द राहतो, अर्धा जातो. त्यातून खाली झाडाची पाने असतील, तर पानांच्या कडा आणि अक्षरांच्या कडा एकमेकींत मिसळतात.

आपल्या देवनागरीला हा त्रास अधिक जाणवतो. शिरोरेखेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार. चित्रातल्या एका ठिपक्यात अनुस्वार हरवला की 'त्यांचा' चा 'त्याचा' होतो. अनेकांचे एकाचे होऊन बसते. 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांतील भेद बराचसा शिरोरेखेतल्या लहानशा फटीवर उभा आहे. तिथून तारेची किंवा फांदीची रेघ गेली की 'भात' चा 'मात' झालाच म्हणून समजा.

मग उपाय काय? पहिला आणि उत्तम उपाय म्हणजे चित्र निवडतानाच अक्षरांसाठी शांत जागा पाहणे. मोकळे आभाळ, भिंत, संथ पाणी, यांवर अक्षर सुखाने बसते. तशी जागा नसेल तर चित्रावर काळसर पडदा ओढावा. पण तो पुरेसा गडद हवा. पडद्यावरच्या चित्रात अगदी पांढऱ्या ढगावर निम्म्या गडदपणाचा काळा पडदा टाकला, तर त्यावरील पांढऱ्या अक्षराचे प्रमाण चारच्या आसपासच राहते. साठ टक्के गडद केला तर साडेपाचाच्या वर जाते. हा पडदा मात्रा आणि उकार यांच्या पलीकडेही थोडा पसरलेला असावा. तिसरा उपाय चित्रपटाखालच्या ओळींत आपण नेहमी पाहतो: पांढऱ्या अक्षराला काळी कड. मागचे दृश्य उजळ असो वा अंधारे, दोहोंतले एक उठून दिसतेच. मात्र कड फार जाड केली तर 'क्ष', 'द्ध' यांसारख्या जोडाक्षरांच्या पोटातली मोकळी जागा बुजते.

आणि जेथे मजकूर चुकता कामा नये तेथे चित्र व अक्षर वेगळीच ठेवावीत. सिगारेटच्या पाकिटाचे उदाहरण घ्या. आपल्याकडे २०१६ पासून पाकिटाच्या दर्शनी भागाचा ८५ टक्के हिस्सा आरोग्याच्या इशाऱ्याला दिलेला आहे; त्यात ६० टक्के चित्र आणि २५ टक्के शब्द. चित्राने पाहणाऱ्याला थांबवावे आणि शब्दाने सांगावे, अशी ही वाटणी आहे. पाण्याच्या सूचनेलाही ती शोभेल.

कोणी म्हणेल, अशाने चित्राची शोभा जाते. थोडी जाते, हे आम्हांला मान्य आहे. पडद्याखाली झाकलेला डोंगर पहिल्यासारखा दिसत नाही. पण डोंगर पाहण्यासाठी चौकात कोणी येत नाही. लसीकरणाची तारीख मात्र एका मातेला तेथेच मिळायची असते.

आपल्यापैकी अनेकजण मंडळांचे, संस्थांचे, पतपेढ्यांचे कार्यकर्ते आहेत; फलक आपणच करवून घेता. छापण्यास संमती देण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. नमुन्याची साधी काळी-पांढरी प्रत काढून पाहावी. रंगाचा आधार गेला की अक्षराचे खरे बळ कळते. मग ती प्रत भर उन्हात रस्त्यापलीकडून पाहावी. आणि शेवटी घरातील सर्वांत वडील माणसाच्या हाती देऊन त्यांना मोठ्याने वाचावयास सांगावे. ते अडखळले तर त्यांचा चष्मा बदलू नये, फलक बदलावा.