विमानाची पाटी
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



मी १९८६ च्या दहावीच्या तुकडीतला. नावापेक्षा 'विमान्या' म्हटलं तर तुम्हाला लवकर आठवेल. वैमानिक व्हायचं होतं. पण पुढे भरतीच्या वैद्यकीय तपासणीत ठिपक्याठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं, त्यातले आकडे मला दिसेनात. लाल आणि हिरव्यात माझी गफलत होते, हे तेव्हा कळलं. परत आलो, आयटीआय केलं आणि पेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं. रेझिस्टन्सवरचे रंगपट्टे ज्याला ओळखता येत नाहीत असा मेकॅनिक! मी आजही प्रत्येक रेझिस्टन्स मल्टीमीटरने मोजूनच लावतो.

कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी खरं विमान बांधलं. २०१६ साली ते मुंबईच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात आलं. ते वाचून माझा जुना किडा पुन्हा वळवळला. विमान नाही, पण निदान कॉकपिट तरी घरात बांधू म्हटलं. संगणकावरचं सिम्युलेटर माझ्याकडे होतंच. प्रश्न होता समोरच्या पाटीवर काय लावायचं याचा.

पहिली चूक चोरबाजारात केली. तिथून खऱ्या विमानाचा अल्टिमीटर आणला. सुंदर वस्तू! पण तो हवेच्या दाबावर चालतो. माझ्या माळ्यावर ठेवला की विमान पडद्यावर दहा हजार फुटांवर असलं, तरी तो बेलापूरचीच उंची दाखवणार. आतली डबी काढून मोटर बसवायला माझा हात धजला नाही. तो आता घड्याळाशेजारी टांगलाय.

मग घरीच करायचं ठरवलं. आर्डुइनो मेगा नावाचं कार्ड घेतलं. त्याला ५४ डिजिटल पिना असतात, म्हणजे बटणं आणि फिरत्या खुंट्या भरपूर लागतात. संगणकाशी बोलणं करून देणारा मोबीफ्लाइट प्रोग्राम फुकट मिळतो. काट्यांसाठी गाडीच्या डॅशबोर्डातली छोटी स्टेपर मोटर चांगली, पण ती ३१५ अंशच फिरते. वेगाच्या काट्याला पुरते, उंचीच्या काट्याला नाही, तो गोल गोल फिरत राहतो. तिथे दुसरी मोटर लावावी लागते आणि तिला शून्य कुठे हे कळावं म्हणून एक सेन्सर. सगळ्यात छळलं ते रेडिओच्या दुहेरी खुंटीने. बाहेरची कडी मेगाहर्ट्झची, आतली दशांशाची, दोन्ही एकाच दांड्यावर. दोन वेगळ्या खुंट्या लावून भागवता आलं असतं, पण मग हाताला खोटी सवय लागते. म्हणून परदेशातून मागवली. पार्सल गेलं नव्या मुंबईच्या बेलापूरला. आपल्या गावाचं हे दुखणं तुम्हाला माहीतच आहे.

पाटी तयार झाली. सहा गोल घड्याळं, काळ्यावर पांढरे काटे. रंगाचा कुठे संबंधच नाही. तीस वर्षांनी मला कुणी ठिपके दाखवत नव्हतं.

आणि मग भाचीचं गोंदियाला वैमानिक प्रशिक्षणाचं ठरलं. तिथल्या डायमंड डीए-४० विमानांत गार्मिन जी-१००० असतं : १०.४ इंची दोन पडदे, प्रत्येकाखाली बारा बटणं. "मामा, मला सराव त्याचा हवाय. हे काटे बघून काय करू?" तिचं बरोबर होतं. व्यावसायिक परवान्याला दोनशे तास उड्डाण लागतं, आणि तिथलं तासाचं भाडं ऐकून माझ्या बहिणीने डोळे मिटले होते. घरातला सराव त्या तासांत धरत नाहीत, पण बटणं शोधण्यात तिथला महागडा वेळ तरी जाणार नाही.

तुम्हाला खरं सांगतो, आठ दिवस मी माळ्यावर गेलो नाही. त्या पडद्यावर उपग्रहाचा मार्ग गुलाबीसर रेघेने दाखवतात आणि जमिनीवरच्या केंद्राचा हिरव्या रेघेने. मला दोन्ही सारख्याच. काटे काढले की माझंच कॉकपिट मला परकं होणार होतं.

तयार जोड मागवायचा तर दुकानाची वर्षाची कमाई गेली असती. शेवटी गावातल्या सुताराकडून दुसरी पाटी कापून घेतली. जुन्या मॉनिटरचे दोन पडदे, भोवती बटणांची चौकट, आणि इथे मात्र दुहेरी खुंटीवर काटकसर केली नाही. चार बोल्ट काढले, मागचा एक मोठा कनेक्टर सोडवला, की पाटी बदलते. वायरींना रंग नाहीत, नंबर आहेत. सकाळी तिची पाटी, रात्री माझी.

मागच्या महिन्यात तिने काकडीच्या शिर्डी विमानतळावर पडद्यावरचं विमान उतरवलं. मी शेजारी बसून विचारलं, "रेघ कुठली?" "हिरवी, मामा," म्हणाली, आणि पुढे प्रत्येक बदल न विचारता मोठ्याने सांगत राहिली.

पुढच्या आठवड्यात ती जाते आहे. आज काट्यांची पाटी लावून कॉकपिट विज्ञानाच्या प्रयोगशाळेत आणून ठेवलंय. जेवणानंतर या. गुरुजींचा नंबर पहिला.