मागून आणलेली मोटार

स्नेह्याची मोटार मागून आणावी, सहकुटुंब महाबळेश्वरास जावें, आणि "आपल्या गाडीचा विमा आहेच, मग भीति कसली?" असें म्हणावें, हें पुष्कळ घरांत घडतें. परंतु ही निश्चिंतता फसवी आहे. भारतांत मोटारीचा विमा माणसामागें जात नाहीं. ज्या गाडीचा उतरविला, तिच्याबरोबरच तो राहतो. मालकाच्या संमतीनें योग्य परवानाधारकानें गाडी चालविली, तर वाटसरूला झालेल्या इजेची भरपाई त्या गाडीच्याच विम्यांतून मिळते.

पण चालविणाराच दगावला तर? मागून आणलेली मोटारसायकल बैलगाडीवर आदळून पति गेलेल्या एका स्त्रीचा दावा सर्वोच्च न्यायालयापुढें आला होता. गाडी मागून आणणारा मालकाच्याच जागीं उभा असतो. म्हणून तेव्हांच्या कलम १६३-अ खालीं त्याच्या वारसांस भरपाई मागतां येत नाहीं, असें न्यायालयानें २००९ सालीं ठरविलें. पंधरा लाखांचें सक्तीचें अपघात-संरक्षणही मालक-चालकापुरतेंच असतें.

यास्तव किल्ली घेण्यापूर्वीं दोन गोष्टी विचाराव्या: विमा चालू आहे काय, आणि इतर चालकासाठीं अपघात-संरक्षण घेतलें आहे काय? अशा विचारण्यानें स्नेहाला उणेपणा येत नाहीं.